छातीवरचा हात

त्याला सगळे भोंगेवाला म्हणायचे. खरं तर भोंगे त्याच्याकडे कधीचेच उरले नव्हते. वडिलांच्या वेळचे दोन पत्र्याचे कर्णे तेवढे गोदामाच्या दारावर लटकत होते, आणि त्यांतल्या एकात दरवर्षी चिमण्या संसार थाटायच्या. आता त्याच्याकडे माणसाच्या उंचीचे स्पीकर होते, पेटीत जपून ठेवलेले माइक होते, बटणांनी गच्च भरलेला मिक्सर होता. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. सासुरवाडीची माणसंसुद्धा "हे आमचे भोंगेवाले जावई" अशीच ओळख करून द्यायची, आणि तो हसून मान डोलवायचा.

कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो, शाळेचं संमेलन असो, कार्यक्रमाच्या आधी तो रिकाम्या हॉलमध्ये एकटाच फिरायचा आणि टाळ्या वाजवायचा. एक कोपऱ्यात, एक मधोमध, एक जिन्याखाली. नवख्याला वाटायचं, याचं डोकं फिरलंय. "हॉलला बोलतं करतोय," तो म्हणायचा. "प्रत्येक खोली वेगळं बोलते. आधी तिचं ऐकून घ्यावं लागतं, मग आपलं सांगायचं." चहाच्या टपरीवर तो आणखी एक गोष्ट रंगवून सांगायचा. माणूस नुसत्या कानांनी ऐकतो ही लोकांची समजूत आहे. वरचे आवाज कान ऐकतात. खालचे, अगदी खालचे, ते पोट ऐकतं, बरगड्या ऐकतात. "पुढारी बोलायला उठला की मी खालचा आवाज जरा वर घेतो. लोकांना वाटतं, काय वजनदार माणूस आहे! अरे, वजन माझ्या खोक्याचं असतं." टपरीवाला दर वेळी नव्याने ऐकल्यासारखा हसायचा.

देवाशी त्याचं भांडण नव्हतं, तशी ओळखही नव्हती. प्रार्थनेची जागा दिसली की स्पीकर कुठे टांगलेत ते तो बाहेरूनच बघायचा, मनातल्या मनात दोन-चार चुका काढायचा आणि पुढे जायचा.

बायको चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून दोन पावलं मागे सरायची आणि डोळे बारीक करून म्हणायची, "ही नको, हिच्यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता." लोक तिलाच विचारून चष्मा घ्यायचे. त्यांना एकच मुलगी. तिला घरात भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नव्हती. जेवता जेवता उठायची, बोलता बोलता दुसऱ्या खोलीत जायची आणि वाक्य तिथून पुरं करायची. आईबापांना भिंतीपलीकडून बोलायची सवयच झाली होती.

ती कॉलेजात जात असताना तिला ताप आला. साधा ताप, औषधाच्या दुकानात दिवसाला दहा माणसं सांगतात तसला. गोळी घेतली, उतरला, पुन्हा चढला. दवाखान्यात नेली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी जिना चढली, आणि वर गेल्यावर नर्सला म्हणाली, "बाबा गाडी चुकीच्या जागी लावून आलेत, त्यांना सांगा." हे तिचं शेवटचं धड वाक्य. जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेही तरुणच होते, आणि सांगताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. कोणाचीच चूक नव्हती. कोणाची तरी असती तर बरं झालं असतं, असं पुढे कितीतरी महिने त्या दोघांना वाटत राहिलं.

बायकोने अंथरूण धरलं नाही, आक्रोश केला नाही. ती फक्त विचारायची. भाजी निवडता निवडता हात थांबायचा आणि म्हणायची, "पण का?" बसमध्ये म्हणायची, "पण का?" दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काच धरून गप्प उभी राहायला लागली, तेव्हा मालकाने चांगुलपणाने तिला सुट्टी घ्यायला लावली. सुट्टीने आणखीच घात केला. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची, पलीकडून कोणी वाक्य पुरं करील अशी.

भोंगेवाल्याचा धाकटा भाऊ कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. मनाने हळवा, भिंगरीवर फार जीव. तो रविवारी यायचा आणि वहिनीसमोर बसायचा. एकदा तिने त्यालाही विचारलं, "भाऊजी, का?" तो खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "वहिनी, याला 'का' नाही. आपल्या मेंदूला कारणाशिवाय राहवत नाही, म्हणून तो शोधत बसतो. पण काही गोष्टी नुसत्याच घडतात."

"नुसत्याच?"

"नुसत्याच."

ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने चहाचा कप अर्धाच ठेवला.

पुढे दुकानातल्या एका मैत्रिणीने तिला गुरुवारच्या प्रार्थनेला नेलं. बाजारामागे एक जुना हॉल होता, त्यात संध्याकाळी चाळीस-पन्नास माणसं जमायची, बहुतेक बायका. सुरुवातीला गाणं. मग ज्याचं जे माणूस गेलं असेल, आजारी असेल, दूर असेल, त्याचं नाव घ्यायचं. मग सगळ्यांनी मिळून शांत बसायचं. बस, एवढंच. चालवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. त्या टायपिंगच्या क्लासमधून निवृत्त झालेल्या, ताठ पाठीच्या, आणि बोलताना त्यांची बोटं अजून मांडीवर टाइप करत असायची. त्या पैसे मागत नसत, चमत्कार सांगत नसत. भिंगरीचं नाव घेतलं गेलं तेव्हा पन्नास माणसांनी ते मागोमाग उच्चारलं. त्या दिवशी बायको घरी येऊन जेवली.

"पन्नास जणांनी नाव घेतलं हो तिचं," ती म्हणाली. "आपल्याकडे लोक आता तिचं नाव टाळतात. समोरून वळून जातात."

हे खरंच होतं. तोही टाळायचा.

काही आठवड्यांनी ती म्हणाली, "त्या हॉलमध्ये काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आत्यांचा घसा बसतो बिचाऱ्यांचा. तुम्ही या ना एकदा." तो गेला, टाळ्या वाजवून हॉलचं ऐकून घेतलं, आणि पुढच्या गुरुवारी सामान घेऊन हजर झाला. आत्यांच्या आवाजाला थोडा भरीवपणा दिला, गाणाऱ्या मुलींचा माइक पुढे आणला. अडचण होती ती शांततेची. सगळे गप्प बसले की पंख्याची खडखड ऐकू यायची, बाजारातली भांडणं आत यायची. ती झाकायला त्याने आपली नेहमीची युक्ती केली. स्पीकर तपासायची एक छोटी डबी त्याच्याकडे होती, तिच्यातून हवा तो सूर निघायचा. त्याने त्यातला तळाचा, जवळजवळ ऐकूच न येणारा सूर मोठ्या बेसच्या खोक्यातून सोडला आणि एक बटण बोटाने हळूहळू वर सरकवलं. हॉल लहान, भिंती जाड, छत खाली. सूर असा बसला की जणू हॉल त्याच्यासाठीच बांधला होता. पंखा बुडाला, बाजार बुडाला. भोंगेवाल्याने मनात स्वतःची पाठ थोपटली. त्यात कपट नव्हतं. चांगलं काम केल्याचा आनंद होता, इतकंच.

घरी परतताना बायकोने कोपऱ्यावर त्याची बाही धरली. मग म्हणाली, "एक सांगू? हसणार नाही ना?"

"सांग."

"शांत बसलो होतो ना, तेव्हा कोणीतरी इथे हात ठेवला." तिने छातीवर पंजा पसरला. "असा. अगदी हलका नाही, जरा दाबून. भिंगरी लहानपणी झोपताना ठेवायची तसा. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर गेली असती ती."

रस्त्यावर फळांच्या गाड्या उभ्या होत्या, लोक भाव करत होते. तो तिच्या बाजूने चालत राहिला. आपल्या उजव्या हाताचं, बटण सरकवणाऱ्या हाताचं, काय करावं ते त्याला समजेना. त्याने तो खिशात घातला.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, असं पुढे त्याला हजार वेळा वाटलं. पण त्या रात्री ती किती महिन्यांनी गाढ झोपली होती, आणि झोपलेल्या माणसाला उठवून कोणी असलं काही सांगतं का?

पुढचे महिने बरे गेले. बरे म्हणजे, घरात पुन्हा आवाज आला. ती दुकानात जायला लागली. गुरुवारच्या बायका घरी येऊ लागल्या. तिच्या गुडघ्याचं दुखणं निघालं तर दोघी तिला धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या, एकीने निम्मी भाजी आपल्या घरून आणून दिली. तिचं "का" थांबलं. उत्तर मिळालं होतं असं नाही, पण विचारायची गरज संपली होती. आणि तो दर गुरुवारी मिक्सरमागे उभा राहून तिचा डोक्यावरचा पांढरा भांग शोधायचा आणि बटण वर सरकवायचा. सुरुवातीला होतं त्याच्यापेक्षा जरा जास्तच. लग्नात तिला त्याने दागिना केला नव्हता, फिरायला कुठे नेलं नव्हतं. आता त्याला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा आपण बायकोला काहीतरी देतोय.

भावाला त्याने एकदा हे सोडून बाकीचं सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "होणारच दादा. दुःखी माणसाला काय हवं असतं? घडलं त्याला काही अर्थ आहे असं वाटायला हवं, आणि आपण एकटे नाही असंही वाटायला हवं. एका सुरात गाणारी, एका लयीत श्वास घेणारी माणसं तासाभरात एकमेकांची होऊन जातात. देव असो नसो, ही दोन्ही कामं तिथे होतात. माझ्या वर्गात मी हे एक सबंध सत्र शिकवतो."

"मग हे वाईट नाही ना?"

"वाईट कशाला? ती जेवतेय, झोपतेय. चालू दे."

मग हॉलचं छत गळायला लागलं. मालकाने दुरुस्ती काढली आणि गुरुवारची प्रार्थना शेजारच्या शाळेच्या पटांगणात, पत्र्याच्या शेडखाली भरायला लागली. तिन्ही बाजू उघड्या. भोंगेवाल्याने पहिल्याच दिवशी टाळी वाजवली. टाळी गेली ती गेली, परत आलीच नाही. मोकळ्यावर तो तळाचा सूर ठरत नाही, पाण्यासारखा वाहून जातो. त्याने बटण शेवटपर्यंत वर नेलं. बायको डोळे मिटून बसली होती. शांतता संपली, सगळे उठले, ती उठली नाही.

"आज नाही आली," ती वाटेत म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तो दोन खोकी घेऊन गेला, त्याच्या पुढच्या गुरुवारी भाड्याने आणखी एक. पत्रे थरथरले, एका बाईने कानावर हात ठेवला, आत्यांनी लांबून हात हलवून "कमी कर" सांगितलं. हात काही आला नाही.

त्या सुमाराला एक नवी बाई येऊ लागली होती. शिवणकाम करायची. तरुण मुलगा कारखान्यातून घरी येताना गेला होता तिचा. भोंगेवाल्याच्या बायकोने तिला आपल्या पंखाखाली घेतलं होतं. "घाबरू नकोस, थोडे दिवस जाऊ देत. तुलाही कळेल. असा छातीवर हात येतो," असं तिने तिला सांगून ठेवलं होतं. आता ती बाई दर आठवड्याला विचारायची, "ताई, मला का नाही येत?" आणि ताईला स्वतःलाच येत नव्हता.

"माझीच चूक," बायको घरी म्हणाली. "मी गावभर सांगत सुटले. मिरवलं मी तिला. रागावली ती."

"अगं, असं काही नसतं."

"तुम्हाला काय माहीत काय असतं?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं. तो गाडीतलं सामान उतरवायला बाहेर गेला.

तिने आधी साखर सोडली. मग संध्याकाळचं जेवण. मग पलंग सोडून जमिनीवर झोपायला लागली. शिवणकामवालीनेही तिचं बघून एक वेळचं जेवण टाकलं. आत्यांना कळलं तेव्हा त्या खवळल्या, "देवाला तुमची हाडं मोजायची नाहीत, जेवा!" म्हणाल्या. बायकोने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचाही चहा सोडला. दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थाला फ्रेम दाखवता दाखवता ती काउंटरवर कोसळली. भोंगेवाला पोचला तेव्हा तिला खुर्चीत बसवलं होतं, जमिनीवर चष्मे विखुरले होते, आणि तो म्हातारा वाकून वाकून एकेक गोळा करत होता. तिचं मनगट त्याने हातात घेतलं तर ते गार लागलं. भिंगरीचं मनगट शेवटी असंच झालं होतं.

त्याच आठवड्यात आत्यांनी आनंदाने सांगितलं की छत झालं, रंगही झाला, येत्या गुरुवारपासून पुन्हा हॉलमध्ये. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भोंगेवाला तसाच भावाकडे गेला आणि या वेळी काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. खोकं, डबी, बटण, बोट.

भावाने हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "दादा, एक जुना प्रयोग आहे. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळतील असं केलं. ती काहीही करोत, दाणे यायचेच. पण दाणा पडला तेव्हा जे कबुतर मान वाकडी करत होतं, ते पुढे दाण्यासाठी मान वाकडी करतच राहिलं. आता गुरुवारी हॉलमध्ये तुझा सूर लागणार, हात परत येणार. वहिनीला काय वाटेल?"

"उपाशी राहिले म्हणून आला."

"आणि मग?"

मग ती कधीच जेवणार नव्हती. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सूर लावला नाही तर मुलगी रुसलीय म्हणून ती उपाशी राहणार, आणि लावला तर मुलगी प्रसन्न झाली म्हणून. दोन्ही वाटा एकाच दारात जात होत्या.

बुधवारी दुपारी तो तिला घेऊन हॉलवर गेला. सामान लावायला मदत हवी, असं म्हणाला. आत रंगाचा वास, जमिनीवर पांढरे ठिपके, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. त्याने एक खुर्ची काढून तिच्या नेहमीच्या जागी, पण मिक्सरकडे तोंड करून ठेवली. "बस. डोळे मीट."

"का?"

"बस तर."

ती बसली. ती इतकी वाळली होती की खुर्ची मोठी वाटत होती. तो मिक्सरमागे गेला. बोट बटणावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग सरकवलं.

तिचा चेहरा त्याला समोरून दिसत होता. आधी कपाळावरची आठी गेली. मग तोंड जरासं उघडलं, तहानलेल्या माणसाचं उघडतं तसं. दोन्ही हात आपोआप छातीकडे गेले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "आलीस," ती म्हणाली. "आलीस गं."

त्याने बटण खाली घेतलं.

तिने डोळे उघडले.

त्याने पुन्हा वर घेतलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. बोलता आलं असतं तर एवढ्या लांब तिला आणलंच नसतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"हा खोका."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी. शेडमध्ये लागत नव्हता. मोकळ्यावर लागत नाही."

"तुम्हाला माहीत होतं? मी सांगितलं तेव्हा?"

"हो."

"तरी करत राहिलात?"

"तुझ्यासाठी जरा जास्तच वर घ्यायचो," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला उमगलं की याच्याइतकं वाईट वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही.

ती ओरडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, उठली, खुर्ची उचलून पुन्हा रचलेल्या खुर्च्यांवर ठेवली. "म्हणजे ती गेली," ती म्हणाली. जशी बातमी आत्ताच आली होती.

त्या संध्याकाळी ती जेवली. पोटभर जेवली. तो तिच्या ताटाकडे बघत राहिला. वाटलं, वाचवलं आपण हिला. पण दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती तशीच जेवत राहिली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. जेवण सोडायला तिच्याकडे कारण होतं, म्हणून सोडलं होतं. आता कशालाच कारण उरलं नव्हतं. समोर आलं की खायचं, अंधार झाला की पडायचं.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, ती प्रार्थनेला आली होती, याचं त्याला अजून नवल वाटतं. शिवणकामवाली हात धरून घेऊन आली होती. तो मिक्सरमागे उभा. गाणं झालं, नावं झाली. भिंगरीचं नावही घेतलं गेलं, कोणी दुसरीनेच घेतलं. शांतता आली. त्याचं बोट बटणावर होतं आणि वर सरकत नव्हतं. इतक्यात बायकोने मान वळवली. डोळे मिटलेल्या पन्नास माणसांच्या मधून तिने थेट त्याच्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या त्या बाईकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे. त्याने बटण वर घेतलं.

शिवणकामवालीच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. तिने बायकोला गच्च मिठी मारली. "ताई, आला! ताई, तुम्ही म्हणाला होतात तसाच! माझा बाळ आला!"

"हो," बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "असाच येतो. तोच आहे तो. आता जेवत जा."

मग तिला सोडवून ती उठली आणि बाजूच्या दाराने निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

नंतर त्याने आत्यांजवळ सगळं ओकून टाकलं. त्या रागावतील, हाकलून देतील, अशी त्याची आशा होती. आत्यांची बोटं मांडीवर टाइप करता करता थांबली. "मला माहीत नव्हतं हे," त्या म्हणाल्या. "मला तर कधी काही जाणवलंच नाही रे. ना तुझ्या खोक्याने, ना त्याच्या आधी. बायका सांगायच्या, मी ऐकायचे. वाटायचं, आपल्यातच काही कमी आहे."

"मग तुम्ही हे चालवता कशाला?"

"आमचे हे गेल्यावर घर खायला उठायचं. गुरुवारी माणसं यायची. त्या येतात म्हणून मी येते, मी येते म्हणून त्या येतात." त्यांची बोटं पुन्हा मांडीवर चालू लागली, आणि त्या म्हणाल्या, "ते बटण तसंच राहू दे. त्या शिवणकामवालीला मी आता काय सांगू?"

रविवारी भाऊ आला. वहिनीने चहा दिला, समोर बसली. तो काही सांगू बघत होता, मन सावरायला वेळ लागतो, कोणाशी तरी बोलत राहायला हवं, असलं काही. तिने ऐकून घेतलं.

"भाऊजी, तुम्ही तुमच्या मुलांना शिकवता ना, माणसाला हे सगळं का लागतं ते?"

"हो, वहिनी."

"बरोबरच असेल ते. मग ते काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचं, हेही असेल तुमच्या पुस्तकात."

हा मुद्दा भावाच्या कोणत्याच सत्रात नव्हता.

गुरुवारच्या बायका सुरुवातीला घरी यायच्या. ती त्यांना चहा करायची, बरं-वाईट विचारायची, पण त्यांच्याबरोबर निघायची नाही. माणसं किती दिवस येणार? आधी चार यायच्या, मग दोघी, मग फक्त फोन. तिला पन्नास माणसं मिळाली होती ती त्या एका तासापोटी, आणि त्या तासाला तिला परत बसता येत नव्हतं. भोंगेवाल्याला वाटायचं की हात खोटा होता हे ठीक, पण भाजी आणून देणाऱ्या बायका तर खऱ्या होत्या, त्या तरी राहायला हव्या होत्या. तसं झालं नाही. ते सगळं एकाच गाठीने बांधलेलं होतं आणि गाठ त्याने सोडली होती.

एकदा दुपारी हॉल रिकामा असताना त्याने स्वतः करून पाहिलं. सूर लावला, बायकोच्या जागी जाऊन बसला, डोळे मिटले. छातीत घरघर झाली. कितीतरी वेळ तो बसला. भिंगरीचं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. घरघर होती ती घरघरच राहिली, आणि डबीवर तिचा आकडा किती हेसुद्धा त्याला बसल्या जागी सांगता आलं असतं. तो इतका रडला की राखणदाराने दारातून डोकावून विचारलं, "काय झालं हो?" त्याने हाताने काही नाही अशी खूण केली आणि वायर गुंडाळायला घेतली.

आता वर्ष उलटून गेलंय. बायको दुकानात जाते. गिऱ्हाइकाने कोणती फ्रेम उचलली तरी "छान दिसते" म्हणते. घरी दोघं विजेचं बिल, नळाची गळती, भाजीचा भाव यांच्यावर बोलतात, आणि तेही बोलून संपतं. तिने त्याला कधी दोष दिला नाही. एकदाच, कपड्यांच्या घड्या करताना म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी मेले असते, हे मला कळतं." तो पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. ती घड्या करत राहिली.

दर गुरुवारी तो सामान गाडीत भरतो. काम सोडायचं त्याने कितीदा ठरवलं, पण शिवणकामवाली पुढच्या रांगेत येऊन बसलेली असते, आता तिच्याबरोबर आणखी एक आई असते, आणि दोघी डोळे मिटायच्या आधी एकमेकींचे हात धरतात. तो बटण वर सरकवतो. त्यांचे चेहरे उजळतात. कार्यक्रम संपल्यावर त्या त्याच्याजवळ येऊन म्हणतात, "भाऊ, तुमच्या आवाजामुळे फार बरं वाटतं हो. ताईंना सांगा, आम्ही आठवण काढतो."

"सांगतो," तो म्हणतो. घरी जाऊन सांगत नाही. बायको दार उघडते, त्याच्या हातातली पिशवी घेते, आणि पानं वाढायला आत जाते.